‘हिप नॉर्मल’ असं मी न तपासता लिहिलं. हाडासांध्यांची तपासणी करायची कशी, लिहायची कशी?

निळीशाई | मंगळवार, रात्री ११.१०

आज ओपीडीत जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून हा धागा. मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, ऑर्थोच्या पोस्टिंगचा हा दुसरा आठवडा. कॉलेज आणि गाव सांगत नाही, पेशंटची ओळख लागेल असंही काही लिहीत नाही.

बारा वर्षांचा मुलगा, अंगाने भरलेला. तीन आठवडे डावा गुडघा दुखतोय. वडिलांचं म्हणणं, कबड्डी खेळताना मुरगळला असेल. मलम झालं, क्रेप बँडेज झालं, दुखणं हटेना. लंगडतच आत आला. केस मला मिळाली.

मी गुडघा मन लावून तपासला. सूज बघितली, हाताच्या मागच्या बाजूने गरमपणा पाहिला, पटेलर टॅप केला, सांध्याच्या रेषेवरून बोट फिरवलं, लॅकमन केली, मॅकमरे केली. काहीच सापडेना. पंधरा मिनिटं गेली होती, मागे रांग होती. लिहायला बसल्यावर आठवलं की वरचा आणि खालचा सांधाही लिहायचा असतो. ‘लेफ्ट हिप नॉर्मल, लेफ्ट अँकल नॉर्मल’ असं लिहून टाकलं. खुब्याला मी हातही लावला नव्हता. मुलाची पँट फक्त गुडघ्यावर सरकवलेली होती.

सर आले. केसपेपर वाचला, मुलाला पडदा ओढून नीट निजवलं आणि डावी मांडी हळूहळू पोटाकडे न्यायला लागले. मांडी सरळ वर जाईना. जसजशी वर जाईल तसतशी बाहेर फिरत गेली, गुडघा काखेकडे वळला. पाय खाली ठेवून उजवा उचलला, तो सरळ छातीकडे गेला. मग डावी मांडी जराशी आत फिरवून बघितली, तर मुलाने गादीची कड घट्ट धरली.

सर ओरडले नाहीत. माझ्या त्या ओळीखाली पेनने रेघ ओढली आणि विचारलं, ‘हे तू पाहिलंस की नुसतं लिहिलंस?’ वडील शेजारीच उभे होते.

एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्ट्यावरून घसरलेलं निघालं. स्लिप्ड कॅपिटल फिमोरल एपिफिसिस. मुलाला त्यानंतर एक पाऊल चालू दिलं नाही, ट्रॉलीवरून वॉर्डात नेलं. उद्या स्क्रू घालणार आहेत.

माझे प्रश्न मनापासून आहेत. एका सांध्याला इतका वेळ जात असेल तर सगळं तपासायचं कसं? जे राहून गेलं ते केसपेपरवर कसं लिहायचं? आणि जे दिसलं ते नेमक्या शब्दांत कसं सांगायचं? आम्हाला टेस्टची नावं पाठ असतात, पण ‘काय दिसलं’ विचारलं की ‘पॉझिटिव्ह’ याच्यापुढे गाडी जात नाही.

जुना_ऑर्थो | बुधवार, सकाळी ६.४०

निळीशाई, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. तीस वर्षं शिकवलं मी, आणि न तपासता ‘नॉर्मल’ लिहिणारी मुलं दर वर्षी पाहिली. ते चूक म्हणून सांगणारी फार थोडी.

आधी मुलाचं. मूल गुडघा दुखतो म्हणालं की पहिला हात खुब्याला जायला हवा. ऑब्ट्युरेटर आणि फिमोरल नसांच्या शाखा खुब्यालाही जातात आणि गुडघ्यालाही. जॉन हिल्टन या लंडनच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकात मांडलेला नियम तुम्हाला पहिल्या वर्षी अॅनाटॉमीत शिकवतात: सांध्याला जी नस जाते, तीच तो हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्यांच्यावरच्या कातडीलाही जाते. तो नियम तिथेच सोडून येऊ नका, तो ओपीडीत लागतो. साधारण चार ते आठ वर्षांचं मूल लंगडत असेल तर पर्थेस (मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार) डोक्यात ठेवा, दहा ते सोळाच्या दरम्यान घसरलेलं डोकं, आणि आपल्याकडे कुठल्याही वयात टीबी. खुब्याच्या टीबीत झोपेत स्नायूंची पकड सुटते, सांधा हलतो आणि मूल किंचाळून उठतं. ‘रात्री रडत उठतो का’ हा प्रश्न आईला विचारायचाच. एक सावधगिरी: ज्या मुलाला त्या पायावर भारच टाकता येत नाही, त्याचा खुबा फिरवून बघू नका. आधी एक्स-रे.

आता क्रम. बघा, हात लावा, हलवा, मोजा, आणि मगच नावाच्या टेस्ट. बघणं दारातून सुरू होतं. पेशंट कॉटवर निजल्यावर तपासायला घेणारा विद्यार्थी निम्मी तपासणी आधीच घालवून बसलेला असतो. चाल कशी आहे, खुर्चीवरून उठताना हात टेकतो का, चप्पल कुठल्या बाजूने झिजली आहे. हे बघायला एक मिनिटसुद्धा जादा लागत नाही. मग दोन्ही बाजू उघड्या हव्यात. नुसता दुखरा गुडघा उघडा केलात तर मांडीचा स्नायू किती वाळलाय हे कशाशी ताडून बघणार? हात लावायच्या आधी ‘कुठं दुखतं, एका बोटाने दाखवा’ म्हणा, चांगली बाजू आधी तपासा आणि दाबताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवा, हातावर नको. हलवताना आधी त्याला स्वतः हलवू दे, मग तुम्ही हलवा.

नमुन्यासाठी थॉमस टेस्टच घेतो, कारण परीक्षेत निम्मी मुलं ती चुकीची करतात. खुबा वाकलेल्या स्थितीत आखडला असला तरी माणूस कंबरेचा बाक वाढवून पाय कॉटला टेकवतो आणि आपल्याला तो सरळ वाटतो. कंबरेखाली आपला तळहात घालायचा. चांगल्या बाजूची मांडी पोटाकडे दुमडत न्यायची आणि कंबर हाताला टेकली, बाक गेला, की तिथेच थांबायचं. त्यापुढे रेटलंत तर कंबर उलटी वळते आणि नसलेला कोन तुम्हाला दिसायला लागतो. थांबल्यावर आजारी मांडी कॉटपासून किती अंश वर उचलली गेली, तेवढी फिक्स्ड फ्लेक्शन डिफॉर्मिटी. ‘थॉमस पॉझिटिव्ह’ हे शब्द मला कुणी सांगू नयेत. ‘कंबरेचा बाक घालवल्यावर डावी मांडी कॉटपासून २५ अंश वर’ असं सांगा. ही टेस्ट देणारे ह्यू ओवेन थॉमस हाडं बसवणाऱ्यांच्या घराण्यातले. वडील लिव्हरपूलमध्ये हाडवैद्यकी करायचे, मुलगा रीतसर डॉक्टर झाला. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हातांनी बघितलं होतं, एक्स-रे तर थॉमस गेल्यावर चार वर्षांनी, १८९५ साली सापडला. ट्रेंडेलेनबर्ग यांनी एका पायावर उभं करून कंबर बघायची आपली चाचणी मांडली तीही १८९५ सालीच. तीसुद्धा शब्दांतच लिहा: ‘डाव्या पायावर उभा केल्यावर उजवीकडची कंबर खाली गेली.’ कुठल्या बाजूला पॉझिटिव्ह म्हणायचं हा घोळ मग उरतच नाही.

आणि राहिलेल्या भागाचं. ‘तपासलं नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘वेळेअभावी डावा घोटा तपासला नाही’ असं लिहिलं तर पुढचा डॉक्टर घोटा बघेल. ‘नॉर्मल’ लिहिलंत की तो बघणार नाही. कालच्या केसपेपरवर खाडाखोड करू नकोस. चुकीच्या शब्दावर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी दुरुस्ती, तारीख, वेळ, सही.

टेप_आणि_गोनिओ | बुधवार, सकाळी ९.०५

मी फिजिओथेरपिस्ट. मोजण्याबद्दल मला कळकळीने बोलायचंय, कारण तुमचे केसपेपर पुढे आमच्याकडे येतात.

‘आरओएम फुल अँड फ्री’, म्हणजे सांधा पूर्ण आणि मोकळा हलतो, एवढंच वाचलं की मला काहीच कळत नाही. गुडघा ० ते १३५ अंश असं लिहा. सरळच होत नसेल तर ‘१५ ते ११०’ लिहा, म्हणजे शेवटचे १५ अंश सरळ होत नाहीत आणि पुढे ११० पर्यंत वाकतो. शून्य कुठलं हे सगळ्यांनी एकच धरलं तरच सहा आठवड्यांनी मी केलेलं मोजमाप तुमच्याशी ताडून बघता येईल. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) नसेल तर अंदाजाने लिहा, पण ‘अंदाजे’ हा शब्दही लिहा.

स्वतः हलवलेलं आणि आपण हलवलेलं वेगवेगळं लिहा, सगळी गंमत तिथेच आहे. गुडघा पेशंटला स्वतःहून सरळ होत नाही, पण तुम्ही केल्यावर पूर्ण होतो, तर सांधा मोकळा आहे आणि मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू कमी पडतोय. तुम्ही करूनही होत नसेल तर सांधाच अडकलाय. खांद्यातही तसंच. स्वतःहून हात उचलत नाही, आपण उचलला तर जातो, तर खांद्याभोवतीच्या कफचा स्नायू तुटल्याची शंका घ्या. दोन्ही तऱ्हांनी बाहेर फिरत नाही, तर फ्रोझन शोल्डर, आणि तेव्हा डायबेटिस आहे का विचाराच.

मांडीचा घेर ‘कमी’ म्हणजे किती? गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंमी वर पेनने खूण करा, दोन्हीकडे त्याच उंचीवर, स्नायू ढिला सोडून. पायाची लांबी मोजताना तर चूक हमखास. खरी लांबी कमरेच्या पुढच्या टोकाच्या हाडापासून, म्हणजे एएसआयएसपासून, आतल्या घोट्याच्या टोकापर्यंत. त्याआधी दोन्ही एएसआयएस एका रेषेत आणायची आणि आजारी पाय ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत चांगला पाय ठेवायचा. नाहीतर खुबा आत ओढला गेलेला असतो, ती बाजू वर चढलेली असते, आणि हाड जसंच्या तसं असूनही पाय आखूड झाला असं आपण लिहून मोकळे होतो.

स्नायूची ताकद ० ते ५ या मापात लिहिताना ३ या आकड्याचा मान ठेवा. पेशंट वजनाविरुद्ध पूर्ण उचलतो पण आपण जरा अडवलं की पडतो, तो ३. बरेच जण ‘जरा कमी’ म्हणून सरसकट ४ लिहितात.

रानजाई | बुधवार, दुपारी २.३०

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. निळीशाईने शब्दांचं विचारलंय त्याबद्दल.

हिस्ट्री इंग्रजीत लिहिताना आपण सगळ्या दुखण्याचं ‘पेन’ करून टाकतो आणि पेशंटने आयती दिलेली खूण पुसून टाकतो. आपल्या लोकांकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा. चमक निघते, ती क्षणाची, आणि बहुतेक वेळा कुठल्या तरी एका हालचालीला. कळ लागते, ती खाली पळते. ‘कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते’ म्हणणाऱ्या माणसाने अर्धी सायटिका सांगून टाकलेली असते. ठणका लागतो, त्यात नाडीसारखे ठोके असतात, तिथे पू आहे का बघायचं. उसण भरली म्हणजे कंबर अचानक धरली. मुंग्या आणि बधिरपणा वेगळे विचारा. ‘सकाळी अंग आखडतं’ म्हणाले की ‘किती वेळाने सुटतं’ हा पुढचा प्रश्न. दहा मिनिटांत सुटणारं झिजेचं असू शकतं, तासभर न सुटणारं संधिवाताकडे नेतं. पेशंटचा शब्द अवतरणात तसाच लिहा, अर्थ पुढे लावा.

‘गुडघा धरतो’ आणि ‘गुडघा सोडतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धरतो म्हणजे मधेच अडकतो, सरळ होत नाही, गादी फाटलीय का बघा. सोडतो म्हणजे पायरी उतरताना दगा देतो, लिगामेंट किंवा स्नायू बघा. एकदा घाईत मी हे दोन्ही ‘त्रास’ म्हणून लिहिलं होतं आणि एका कबड्डी खेळणाऱ्या मुलाला महिनाभर उशीर झाला. ते अजून सलतं.

आणि कामाचे प्रश्न आपल्या आयुष्यातले विचारा. मांडी घालता येते का? उकिडवं बसता येतं का, आणि बसल्यावर कशाला धरून उठता? एसटीची पायरी कुठला पाय आधी टाकून चढता? वेणी घालता येते का, पाठीमागे हात जातो का? गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या, ‘सगळं बरं आहे, जरा कंबर’ म्हणाल्या. भातलावणी जमली का विचारलं तर म्हणाल्या, ‘यंदा बांधावरच बसून होते.’ ‘मॉडरेट फंक्शनल लिमिटेशन’ याच्याऐवजी हे वाक्य मी केसपेपरवर तसंच लिहिलं.

अकरावा_बेड | बुधवार, रात्री ९.५०

इंटर्न आहे. ‘नॉर्मल’ इतकंच न तपासता लिहिलं जाणारं दुसरं वाक्य म्हणजे ‘डिस्टल न्यूरोव्हॅस्क्युलर इंटॅक्ट’, म्हणजे इजेच्या खालच्या नसा आणि रक्तपुरवठा शाबूत. रात्री कॅज्युअल्टीत ते शिक्क्यासारखं पडतं. मीही लिहिलंय. एका रात्री सात वर्षांची मुलगी चिंचेवरून पडून आली, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. ती इतकी रडत होती की मी नाडी बघितली, बोटं गरम आहेत पाहिलं आणि ‘इंटॅक्ट’ लिहिलं. जेआर (ज्युनियर रेसिडेंट) मॅडमनी येऊन तिला अंगठा आणि पहिल्या बोटाने गोल करून दाखवायला सांगितलं. गोल झालाच नाही, दोन्ही बोटं टोकांना सपाट चिकटली. अँटिरियर इंटरऑसियस नर्व्ह, मीडियन नसेची एक शाखा, दुखावली होती. ऑपरेशनच्या आधी ते लिहिलेलं नसतं तर नंतर ती ऑपरेशनची इजा धरली गेली असती.

तेव्हापासून मी तो शिक्का मारत नाही. रेडियल नाडी लागते की नाही, नख दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत येतो का, अंगठा वर, बोटं फाकव, गोल कर. तीन हालचाली म्हणजे तीन नसा, आणि त्या गोलात मीडियनची ती खोलवरची शाखा. लहान मुलाला ‘दगड, कागद, कात्री, मग गोल’ असं खेळायला लावतो, रडतानाही करतात.

प्लॅस्टर घातलेल्या पेशंटमध्ये नेमकं काय बघायचं, कुणी सांगेल का?

जुना_ऑर्थो | गुरुवार, सकाळी ६.२५

अकरावा_बेड, दुखणं बघ. प्लॅस्टर नीट बसल्यावर दुखणं कमी व्हायला हवं. ते वाढत असेल, इंजेक्शनला दाद देत नसेल, आणि तू बोटं हळूच ताणून सरळ केल्यावर पेशंट कळवळत असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोम (आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणं) समजून धाव. नाडी लागतेय म्हणून थांबू नकोस. नाडी जाईपर्यंत स्नायू मेलेला असतो. प्लॅस्टर आणि आतली पट्टी कातडीपर्यंत उभी चीर, हात हृदयाच्या पातळीला ठेव आणि सीनियरला उठव. फोन कधी केला ती वेळ लिही.

टेम्सकाठची | गुरुवार, दुपारी १.१५

मी इंग्लंडमध्ये संधिवातशास्त्रात काम करते, एमबीबीएस मराठवाड्यातलं. वेळेच्या प्रश्नाला इथल्या विद्यार्थ्यांना एक उपाय शिकवतात, गॅल्स नावाचा. १९९२ साली इथल्याच डॉक्टरांनी मांडला. आधी तीन प्रश्न: स्नायू, सांधे किंवा पाठ कुठे दुखते वा आखडते का, कपडे पूर्ण स्वतःचे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मग चाल, हात, पाय, कणा यांवर झरझर नजर. हात डोक्यामागे, मूठ, चिमटी, तळव्याच्या बोटांच्या मुळाशी अलगद दाब, गुडघा वाकवून खुबा आत फिरवणं, पुढे वाकताना कमरेच्या मणक्यांवर दोन बोटं ठेवून ती लांब जातात का बघणं. सराव झाला की सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. त्यात जे खटकलं तोच सांधा मग पूर्ण तपासायचा.

निळीशाई, हे आधी केलं असतंस तर त्या मुलाच्या खुब्याला तुझा हात आपोआप लागला असता. मुलांसाठीचा वेगळा प्रकारही आहे, पीगॅल्स, तो शोधून बघ.

उजवा_खांदा | गुरुवार, रात्री १०.२०

मी डॉक्टर नाही. मी तुमची ‘केस’ होते. खांदा आखडला म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला गेले होते. तिथे आठ-नऊ विद्यार्थी आले आणि एकापाठोपाठ एक हात उचलत गेले. पाचव्यापर्यंत मी सोसलं, मग डोळ्यांत पाणी आलं. ब्लाउजचा खांदा खाली केलेला, पडदा अर्धा उघडा, बाहेर वॉर्डबॉय मामा फाइली लावत होते. माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही. कुणी माझ्याशी बोललंच नाही. ‘धिस पेशंट’ एवढंच कानावर येत होतं.

शेवटी एक मुलगी मागे राहिली. तिने स्वतःचं नाव सांगितलं, माझं विचारलं, दुपट्टा माझ्या खांद्यावर घातला आणि म्हणाली, ‘मावशी, दुखला की लगेच सांगा, मी तिथेच थांबेन.’ मी सांगितलं, आणि ती खरंच थांबली. बाकीच्यांना मी सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं, की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि देवघरातल्या वरच्या फळीवरचा दिवा मी चार महिने लावला नाही.

तुम्ही तपासणी कशी करायची ते लिहिताय, म्हणून हे लिहिलं.

निळीशाई | गुरुवार, रात्री ११.००

मावशी, वाचलं. उद्यापासून मी आधी नाव सांगीन आणि पडदा ओढीन.

सरळ_रेघ | शुक्रवार, सकाळी ८.३०

थोडं वेगळं मत. मी पीजीला आहे. या नावाच्या टेस्टांवर इतका जीव टाकून काय मिळतं? एमआरआय सांगतोच ना शेवटी. ओपीडीत वेळ नसतो, आणि निम्म्या टेस्ट दोन हातांत दोन निकाल देतात. शिकवताना त्या कमी कराव्यात असं प्रामाणिकपणे वाटतं.

जुना_ऑर्थो | शुक्रवार, सकाळी ९.१०

टेस्ट कमी कराव्यात हे मला मान्य आहे. एसीएलसाठी (गुडघ्यातलं एक लिगामेंट) लॅकमन एकटी नीट आली तरी पुष्कळ आहे. ती फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांची, १९७६ साली त्यांच्या शिष्याने छापली. गुडघा ९० अंशांत वाकवून करायच्या ड्रॉवर टेस्टमध्ये मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग आवळलेले असतात आणि ढिला गुडघाही घट्ट वाटतो, लॅकमनमध्ये २० ते ३० अंशांवर ती अडचण कमी होते.

पण एमआरआयचं मान्य नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधल्या फुगलेल्या गाद्या सर्रास दिसतात. ती गादी या माणसाच्या दुखण्याचं कारण आहे की नाही हे हातच सांगतो. सरळ पाय उचलल्यावर ४० अंशांना कळ गुडघ्याखाली उतरली, किंवा चांगला पाय उचलल्यावर आजारी पायात कळ आली, तर त्या चित्राला अर्थ येतो. नुसता मांडीच्या मागे ताण आला तर ती टेस्ट पॉझिटिव्ह नव्हे. म्हणून कोन लिहा आणि कळ कुठपर्यंत गेली तेही लिहा. आणि कंबरदुखीच्या पेशंटला लघवी अडते का आणि बसायच्या जागेला बधिरपणा आहे का, हे विचारायला संकोचाल तर एमआरआय दोन दिवसांनी होईल, आणि तोवर कॉडा इक्विनाच्या (कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा जुडगा दबलेल्या) पेशंटची लघवी-शौचावरची हुकमत कायमची गेलेली असेल.

सरळ_रेघ | शुक्रवार, सकाळी ९.४०

शेवटचं वाक्य पटलं सर. ते मी वगळत नाही. एक्स-रे, एमआरआय मागवताना फॉर्मवर ‘बॅकेक’ एवढंच लिहिणं मात्र आजपासून बंद करतो, रेडिओलॉजीवाल्या मॅडम तीन वर्षं तेच सांगतायत.

निळीशाई | रविवार, संध्याकाळी ७.१५

मुलाचा स्क्रू झाला, कुबड्यांवर आहे. दुसऱ्या बाजूचा खुबाही पुढे काही काळ बघत राहणार आहेत, कारण तोही घसरू शकतो. वडिलांना मी वॉर्डात जाऊन सांगितलं की मी खुबा तपासला नव्हता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘तुमच्या सरांनी बघितलं ना.’ मुलाने मला प्लॅस्टिकच्या डब्यातला लाडू दिला.

काल नवी केस घेतली. बाई, वय ५४, डायबेटिस नऊ वर्षं. माझं नाव सांगितलं, पडदा ओढला, सिस्टर थांबल्या. आधी गॅल्स केलं, मला अजून सहा मिनिटं लागतात. असं लिहिलं:

‘उजवा खांदा पाच महिने दुखतो. “पाठीला साबण लागत नाही.” त्या कुशीवर झोप नाही. लागल्याचं आठवत नाही. दोन्ही खांदे उघडे करून पाहिले: सूज नाही, व्रण नाही, उजवीकडे डेल्टॉइडचा उभार डावीपेक्षा कमी. गरमपणा नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूस दाबल्यावर दुखतं. कोपर कुशीला लावून हात बाहेर फिरवणं: स्वतःहून १० अंश, मी फिरवून १० अंश, डावा ६०. बाजूने वर उचलणं: स्वतःहून ७०, मी उचलून ७०, डावा १७०. पाठीमागे अंगठा उजवा कुल्ल्यापर्यंत, डावा पाठीच्या आठव्या मणक्यापर्यंत. सर्व अंश अंदाजे, गोनिओमीटर नव्हता. मान तपासली: सगळीकडे फिरते, फिरवल्यावर हातात कळ येत नाही. कोपर तपासलं: ० ते १४०, दुखत नाही. रेडियल नाडी लागते, अंगठा वर, बोटं फाकवणं, गोल, तिन्ही करतात. खांद्याच्या स्नायूंची ताकद दुखण्यामुळे नीट तपासता आली नाही.’

सरांनी वाचून सही केली. ‘तपासता आली नाही’ या ओळीवर थांबले होते, मला वाटलं आता बोलतील. नुसती मान हलवली.

टेप_आणि_गोनिओ | रविवार, रात्री ८.००

हा केसपेपर माझ्याकडे आला तर मी उद्यापासून काम सुरू करू शकेन. एकच विचारते, बाजूने ७० अंश उचलला तेव्हा स्कॅप्युला (खांद्याचं पातं) धरून ठेवला होतास का? न धरता उचलला तर स्कॅप्युला फिरून हात वर नेतो आणि खरा सांधा किती हलला ते कळत नाही.

निळीशाई | सोमवार, दुपारी १.२०

धरला नव्हता. आज बाई ड्रेसिंगरूमशेजारी भेटल्या, त्यांना विचारून पुन्हा मोजलं, या वेळी गोनिओमीटर घेऊन. न धरता ७०, धरून ४०. दोन्ही लिहिलं, खाली आजची तारीख, वेळ आणि सही.